मामा तलाव

काही माणसांना वस्तू हवी असते ती वापरायला. मामाजींना ती सांभाळायला हवी असते. हा फरक ध्यानात यायला आमच्या मोहल्ल्याला बरीच वर्षं लागली, कारण तिरोड्यात कोणतीही नवी वस्तू आधी मामाजींच्या घरी उतरते आणि लोक तिच्याकडे बघण्यातच गुंग होतात. रंगीत टीव्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे आला. त्याच्यावर मखमलीचा पडदा, पडद्यावर प्लास्टिक, आणि प्लास्टिक निघायचं ते फक्त रविवारी रामायणाच्या वेळेला. पुढे व्यायामाचा सरकता पट्टा आला. मामाजी त्याच्यावर एक पाऊल चालले नाहीत, पण दर शनिवारी त्याच्या रोलरला तेल घालतात आणि बाकीचे सहा दिवस मामीजी त्याच्यावर कुरोड्या वाळत घालतात.

मामाजी कोणाचे मामा, हे विचारायचं नसतं. साऱ्या तिरोड्याचेच ते मामाजी आहेत. वय साठीच्या अल्याड-पल्याड, राईस मिल, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात जिथं दुसऱ्यांचं पेन असतं तिथं यांचा टेस्टर. कोणाच्या घरी तेरवीला गेले तरी आधी भिंतीवरच्या बोर्डाकडे बघतात आणि अर्थिंग आहे का विचारतात. बोलताना समोरच्याचं ऐकून घेतात, पण कान मात्र घरात कुठंतरी चालू असलेल्या मोटरकडे असतो. "बेअरिंग गेली जी तुमची," असं ते मध्येच म्हणतात, आणि आपण उगाच स्वतःची पाठ चाचपतो.

तर या मामाजींचे गुडघे दुखायला लागले. गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला आणि सांगितलं, वजन कमी करा, पोहायला लागा. पोहण्यानं सांध्यावर भार पडत नाही.

आता तिरोड्याच्या माणसाला पोहायला सांगणं म्हणजे त्याला फार लांब धाडणं नव्हे. आमच्या भागात देवानं आणि माणसानं मिळून इतकं पाणी साठवून ठेवलं आहे की गोंदिया-भंडाऱ्याला तलावांचा मुलूखच म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं उतार पाहून पाळी घातल्या, पाणी सोडायचे तुडूम बसवले, पाट काढले आणि धान पिकवला. इंग्रजांच्या काळात १९१७ साली बोदलकसा तलाव झाला, १९२३ साली चोरखमारा. पश्चिमेला वैनगंगा आहे. शिवाय प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधीजवळ एखादी बोडी असतेच. स्वतः मामाजी लहानपणी म्हशीचं शेपूट धरून पोहायला शिकले आहेत आणि आजही पाण्यात पाठीवर पडून बिडी ओढू शकतात, असं त्यांच्या वयाचे लोक शपथेवर सांगतात.

"मंग तलावावर जात जा ना जी सकाळी," मामीजी म्हणाल्या.

"ते पानी सरकारचं आहे," मामाजी म्हणाले.

या एका वाक्यात तीन पिढ्यांचं दुःख आहे. मालगुजारी, म्हणजे गावाच्या सारावसुलीची जमीनदारी, कायद्यानं संपली १९५१ साली, तिरोडा तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. मामाजींचे आजोबा मालगुजार नव्हते. मालगुजाराकडे दिवाणजी होते. त्यामुळे तलाव गेल्याचं दुःख मालगुजारांच्या घरात एका पिढीत विरलं, दिवाणजींच्या घरात मात्र ते अजून ताजं आहे. आजोबा म्हणे संध्याकाळी पाळीवर उभे राहून नुसतं पाणी बघायचे. पाणी किती चढलं, किती उतरलं, तुडूम कोणी उघडला. पाण्यात उतरायचे नाहीत. हे रक्तात असतं.

सरकारी कागदात या तलावांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि लिहायचा कंटाळा आला की 'मामा तलाव'. तेव्हा मामाजींच्या परसात जे काही पुढे झालं त्याचं बारसं करायची तसदी गावाला घ्यावी लागली नाही.

आधी त्यांनी सिमेंटच्या टँकचा विचार केला. मिस्त्री आला, त्यानं जागा पाहिली. सळाख, काँक्रीट, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, वर टाइल्स, असा चार महिन्यांचा हिशोब सांगितला आणि शेवटी म्हणाला, "झिरपन तं थोडी राहतेच मामाजी." झिरपण राहते म्हटल्यावर मामाजींचं मन उडालं. मग नागपूरकडच्या एका लग्नात, कोण्या फार्महाऊसवर, त्यांनी फायबरग्लासचा टँक पाहिला. वरात दारात आली तरी मामाजी टँकच्या काठावर पालथे पडून त्याच्या भिंतीवरून हात फिरवत होते. गुळगुळीत, कुठं सांधा नाही, एकसंध. नवरदेवापेक्षा त्यांनाच जास्त आवडला.

त्यानंतर दोन महिने मोहल्ल्यात दुसरा विषय नव्हता. पानटपरीवर, सलूनमध्ये, मिलवर धान घेऊन आलेल्या शेतकऱ्यापुढे, मामाजी सांगायचे: आधी साचा असतो, उलटा. त्याच्यावर पहिला हात जेलकोटचा. तोच पुढं टँकच्या आतला रंग. त्याच्या मागं व्हिनाईल एस्टरचं रेझिन, कारण ते पाणी पीत नाही. त्याच्या मागं काचेचे धागे आणि पुन्हा रेझिन, थरावर थर. वाळलं की साच्यावरून आख्खा टँक उचलायचा. "म्हंजे आपून बाहेरून आत जातो, तो आतून बाहेर येतो," असं ते म्हणायचे आणि ऐकणारा सुपारी थुंकायचं विसरायचा. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचीही त्यांनी सोय लावली होती. साडेचार हजार वर्षांपूर्वी त्या लोकांनी बारा मीटर लांब आणि सात मीटर रुंद टँक बांधला आणि पाणी झिरपू नये म्हणून भिंतीत डांबराचा थर दिला. "त्याहीले झिरपनच नोको होती," मामाजी अशा सुरात म्हणायचे, जणू सिंधू संस्कृतीचं कोटेशन त्यांच्याच खिशात आहे.

किंमत मात्र त्यांनी कोणालाच एक सांगितली नाही. सोयऱ्यांना सांगितलेला आकडा मोठा होता, मिलच्या हमालांना सांगितलेला लहान, आणि मामीजींना सांगितलेला त्याहून लहान. मामीजींनी खरा आकडा पासबुकात पाहिला आणि त्या दिवशी वरणाला फोडणी दिली नाही.

माल गुजरातेतून निघाला. वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद. फायबरग्लासच्या टँकची हीच गोम आहे: तो तयार येतो, म्हणून रस्त्यावर मावेल एवढाच येतो. दहा फूट रुंदीचा माल ट्रेलरवर आडवा ठेवला तर अर्धा रस्ता त्याचा, म्हणून तिरपा उभा केला होता. धुळे, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा इथपर्यंत हमरस्त्यानं ठीक आला. भंडाऱ्याहून तुमसरमार्गे तिरोड्यात शिरला तो रात्री, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकला, कारण वर तारा. मग गणपतीच्या मिरवणुकीत असतात तसे बांबू घेऊन पोट्टे धावले. एकेक तार उचलायची, ट्रेलर दोन हात सरकायचा. निळा, चकचकीत, पोटाकडून गोल, दोन मजली उंच असा तो जिन्नस गल्लीतून सरकताना लोक झोपेतून उठून ओट्यावर आले. कोणी म्हणालं नाव आहे, वैनगंगेत घालणार. कोणी म्हणालं वेशीवरच्या औष्णिक वीज केंद्राचा काही पार्ट असेल, रस्ता चुकला. मामाजी ट्रेलरच्या पुढं बॅटरी घेऊन उलटे चालत होते. गुडघ्याचं दुखणं त्या रात्री त्यांना आठवलं नाही.

खड्डा आधीच तयार होता. जेसीबीनं टँकपेक्षा चारी अंगांनी एकेक फूट मोठा खणलेला, तळाला गिट्टीची बारीक चुरी अंथरून पाटानं सपाट केलेली. सकाळी हायड्रा क्रेन आली. अर्ध्या टनाच्या वरचं ते धूड पट्ट्यांवर उचललं, घराच्या कोपऱ्यावरून फिरवलं, आणि मामाजींनी डोळे मिटले. बाकी लोकांनी उघडे ठेवले. खाली बसलं तेव्हा कंपनीच्या माणसानं पाण्याची नळी लावून चारी कोपऱ्यांची लेव्हल पाहिली. एका कोपऱ्यात बोटभर फरक. पुन्हा उचला. चुरी घाला. पुन्हा ठेवा. हे असं दुपारपर्यंत.

नंतरचं काम मात्र मला खरंच पाहण्यासारखं वाटलं. टँकच्या भिंती पातळ असतात. आत पाणी नसताना बाहेरून रेती दाबली तर भिंत आत फुगते, आणि बाहेर रेती नसताना आत पाणी भरलं तर बाहेर फुगते. म्हणून दोन्ही बरोबरीनं चढवायचं. आत फूटभर पाणी, बाहेर फूटभर रेती. आत पुन्हा फूटभर, बाहेर फूटभर. एकीकडे बोअरची नळी धरून पोरगा, दुसरीकडे वैनगंगेची रेती टोपल्यानं ओतणारे मजूर, आणि मध्ये मामाजी हातात फूटपट्टी घेऊन ओरडत: "पानी थांबव! रेती चालू! रेती थांबव!" आमचा मिस्त्री, ज्यानं आजवर सेप्टिक टँकशिवाय दुसरा टँक बांधला नव्हता, बिडी पेटवून म्हणाला, "या घरात दोन पारट्या असत्या तं इतकं बरोबरीनं वाटप झालं नसतं."

कंपनीचा माणूस जाताना हिंदीत एक कागद देऊन गेला. त्याच्यावर सतरा सूचना होत्या आणि एकीखाली लाल रेघ: टँक कभी पूरा खाली न करें. मामाजींनी कागद लॅमिनेट केला आणि पंपाच्या खोलीत लावला. लॅमिनेट केलेला कागद कोणी वाचत नसतं.

पंचवीस हजार लिटर पाणी भरलं. काचेसारखं स्वच्छ. मामाजींनी क्लोरीनचा पहिला डोस टाकला आणि सकाळपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं झालं. बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेलं असलं की क्लोरीन त्याला बाहेर काढतो, त्याचा गंज होतो आणि तो तरंगत राहतो. हे मामाजींनी नंतर सर्वांना नीट समजावलं. त्या सकाळी मात्र त्यांच्या आईनं, म्हणजे घरातल्या मायनी, काठावर येऊन फक्त एवढंच विचारलं, "दूध टाकाचं राह्यलं का रे?"

इथून मामाजींच्या आयुष्याला वळण लागलं. मिलमध्ये त्यांचं लक्ष उडालं. उसन्या तांदळासाठी धान भिजवायचे हौद वर्षानुवर्षं त्यांच्याच मिलमध्ये आहेत, त्यातल्या पाण्याकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता पहाटे साडेपाचला उठून ते टँकवर जातात. हातात प्लास्टिकची एक छोटी पेटी, तिच्यात दोन नळ्या आणि दोन बाटल्या. एका नळीत पाणी घेऊन फिनॉल रेडचे थेंब टाकायचे. पिवळं दिसलं तर पाणी आंबट, लालभडक झालं तर क्षाराच्या बाजूला, मधला फिका गुलाबी-केशरी आला तर पीएच ७.२ ते ७.६, म्हणजे दिवस चांगला. दुसऱ्या नळीत क्लोरीनचे थेंब, तिथं पिवळेपणा मोजायचा, एक ते तीन पीपीएम. मामाजी दोन्ही नळ्या उगवत्या सूर्याकडे धरतात आणि एक डोळा मिटतात. लांबून पाहणाऱ्याला ते अर्घ्य देत आहेत असं वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. आकडे रजिस्टरमध्ये जातात. मग पोराकडून बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून पाणी उलटं सोडून त्यातली घाण बाहेर. धान भरडाईचं रजिस्टर आणि हे रजिस्टर शेजारी ठेवलं तर हेच जास्त टापटीप.

आणि अशा पाण्यात कोणी उतरणार? माणसाच्या अंगावर घाम असतो, केसांत तेल असतं, पायाला माती असते. घामातली द्रव्यं क्लोरीनला खाऊन टाकतात, उरतो तो नुसता वास आणि डोळ्यांची आग. हे सगळं शास्त्र खरं आहे. पण शास्त्राचा मामाजींनी जो नियम केला तो असा: टँकमध्ये उतरणाऱ्यानं आधी साबण लावून, डोक्यावरून, गरम पाण्यानं आंघोळ करावी.

"आंग धून मंग पान्यात उतराचं," माय म्हणाल्या, "तं मंग पानी कायले?"

याचं उत्तर रजिस्टरमध्ये नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीची पोरं आली, आंघोळी करून रांगेत उभी राहिली. मामाजींनी प्रत्येकाच्या केसांवरून हात फिरवला. लाडानं नाही, तेल तपासायला. चौघांतली दोन नापास झाली. उरलेली दोन पाण्यात पडली आणि बाहेर येईपर्यंत मामाजींनी काठावरून चार वेळा ओरडून विचारलं, "मुतत नाई ना रे?" पोरं पुन्हा आली नाहीत. मामाजी स्वतः? त्यांच्या गुडघ्यांना आराम पडला आहे, हे खरं. टँकभोवती रोज इतक्या फेऱ्या होतात की पडणारच.

बाहेरचं जग मात्र नियम पाळत नव्हतं. मार्च-एप्रिलमध्ये मागच्या वाडीतल्या मोहाची फुलं पहाटे टपटप गळायची आणि टँक त्यांनी भरून जायचा. ती वेळीच काढली नाहीत तर फुगतात आणि आंबतात. गडी जाळीनं काढता काढता म्हणायचा, "आठ दिवस राहू द्या मामाजी, धंदाच बदलून टाकू." मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं की दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास पाणी नुसतं उडून जायचं. मामाजींना हा चोरीचा प्रकार वाटायचा. त्यांनी काठावर खडूनं रेघ मारली आणि वर तारीख लिहिली. पंपाचं वेगळंच. गावाच्या वेशीवर ६६० मेगावॉटचे पाच संच, म्हणजे ३३०० मेगावॉटचं केंद्र, पण मामाजींचा एक एचपीचा पंप सुरू व्हायची वेळ आणि लाइनवर फांदी पडायची वेळ नेमकी एक. आणि एक दिवस ढीवरांच्या सोसायटीतला एक म्हातारा येऊन काठावर उकिडवा बसला. बराच वेळ पाहत राहिला. मग अदबीनं म्हणाला, "मामाजी, रोहूची बोटुकली आणून देऊ का? जागा वाया जाऊन राह्यली."

पण खरी गोष्ट घडली श्रावणात.

आमच्याकडे गोकुळाष्टमीला घरोघरी कानोबा बसतो. मातीचा, रंगवलेला, आणि दुसऱ्या दिवशी तो तलावात शिरवायचा. त्या वर्षी पावसानं दोन दिवस उघडीप दिली नव्हती, तलावाच्या वाटेवर चिखल. मायनी विचार केला, एवढं घरचं पाणी असताना चिखलात कशाला जायचं? पहाटे, मामाजी उठायच्या आत, त्यांनी कानोबा टँकमध्ये शिरवला. शेजारच्या बायांनी ते भिंतीवरून पाहिलं. त्यांच्याही घरी कानोबा होताच.

साडेपाचला मामाजी नळ्या घेऊन आले तेव्हा टँकच्या तळाशी मोहल्ल्याची माती बसली होती आणि वर हळद-कुंकू, दुर्वा, लाह्या. एकदा त्यांनी पाण्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. देवावर रागावता येत नाही, आईवर तर नाहीच. त्यांनी पीएच पाहिला नाही. तुरटी टाकली, गाळ खाली बसवला, ब्रशनं ओढला, सगळं केलं. पाणी गढूळ ते गढूळच. मग त्यांच्यातला दिवाणजी जागा झाला. तलाव साफ कसा करतात? पाणी काढतात, गाळ उपसतात. मिलवरून मोनोब्लॉक पंप आणला आणि संध्याकाळपर्यंत टँक कोरडा केला. लॅमिनेट केलेला कागद पंपाच्या खोलीत जागेवरच होता.

रात्री पुन्हा पाऊस लागला. मागं धानाच्या बांध्या तुडुंब, जमीन गळ्यापर्यंत प्यायलेली. टँकच्या भोवतीची रेती आणि गिट्टी हे तर पाण्याला बसायला उत्तम घर. आता हिशोब साधा आहे. टँकचं स्वतःचं वजन अर्ध्या टनाच्या थोडं वर, आणि त्यानं जमिनीत अडवलेली जागा पंचवीस हजार लिटरची. बाहेरचं पाणी चढत गेलं की खालून रेटा टनाटनानं वाढतो. आत पाणी असतं तर त्यानं दाबून धरलं असतं. आत कोणी नव्हतं.

पहाटे कड्-कड् आवाज झाला. मामीजींना वाटलं चोर. बाहेर येऊन पाहतात तर काठाच्या टाइल्स एकेक करून उभ्या राहत होत्या आणि टँक जमिनीतून वर येत होता. सावकाश, जरा तिरपा, एका कोपऱ्यानं आधी. उजाडेपर्यंत हातभर वर आला आणि थांबला.

सातच्या आत अर्धा तिरोडा परसात. मामाजी काठावर उभे राहून आर्किमिडीज समजावत होते: बुडालेल्या वस्तूनं जेवढं पाणी सारलं तेवढ्या वजनाचा रेटा, हे काही नवीन नाही, शाळेच्या पुस्तकात आहे. लोक ऐकत होते, माना हलवत होते. मग माय आल्या. त्यांनी टँककडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि म्हणाल्या, "ज्यानं करंगळीवर गोवर्धन उचलला, त्याले तुह्या टँकचं काय वझं रे?"

संपलं. आर्किमिडीजला तिथं जागा उरली नाही. अकरा वाजेपर्यंत टँकला एकवीस नारळ फुटले, आणि पाणी आधीच काढलेलं असल्यामुळे नारळाचं पाणी थेट जेलकोटवर. कोणीतरी हार घातला. मामाजी फोनवर होते. कंपनीचा माणूस पलीकडून ओरडत होता, "पानी भरो, अभी के अभी भरो." भरलं. टँक थोडा बसला, पण एक कोपरा वीतभर वर राहिला तो राहिलाच. धान निघून जमीन उतरेपर्यंत, दिवाळीच्या पुढं, त्याला तसंच तिरपं ठेवावं लागलं. पाणी सपाट, टँक तिरपा. मामाजी त्या तीन महिन्यांत घरातल्या सगळ्या तसबिरी सरळ करत फिरत.

पुढं पुन्हा हायड्रा आली, पुन्हा चुरी, पुन्हा फूटभर पाणी आणि फूटभर रेती. या वेळी मात्र टँकच्या शेजारी एक सहा इंची पीव्हीसी पाइप उभा गाडला, तळापर्यंत, खालच्या भागाला भोकं पाडून आणि भोवती गिट्टी भरून. जमिनीतलं पाणी किती चढलं ते त्याच्यात दिसतं. जास्त चढलं तर छोटा पंप सोडून उपसता येतं. खर्च टँकच्या मानानं काहीच नाही. तो आधीच बसवायला हवा होता, हे कंपनीचा माणूसही जाणत होता आणि तो बोलला नाही. धानाच्या मुलखात, जिथं ऑगस्टमध्ये दोन हात खणलं की पाणी लागतं, तिथं हा पाइप नसलेला टँक म्हणजे नांगर नसलेली नाव. हे मी नव्हे, मामाजी म्हणतात, आणि आता ते फक्त हेच म्हणतात.

कारण त्यांचं प्रेम आता टँकवरून पाइपवर गेलं आहे. त्यात नवल नाही. टँक फार दिखाऊ. पाइपात मात्र बॅटरी टाकून, एक डोळा मिटून, खोल बघावं लागतं. आत दोरीला बांधलेली पट्टी सोडायची, ओली झाली ती खूण मोजायची, रजिस्टरला लिहायची. गोंदियाच्या एका वकिलांना टँक बसवायचा होता, ते पाहायला आले. मामाजींनी त्यांना दोन तास पाइप दाखवला. टँक दाखवायचं राहून गेलं.

यंदा पोराचं जमवायचं ठरलं. बायोडाटावर 'स्वतःची राईस मिल' च्या खाली 'घरी स्विमिंग टँक' असं छापलं होतं. भंडाऱ्याहून पाहुणे आले. मुलीचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. चहा झाला, पोहे यायचे होते, आणि मामाजी त्यांना म्हणाले, "या जी, जरा मागं." ते दोघं गेले ते गेलेच. मामीजींनी गडी धाडला, तो परत येऊन म्हणाला, दोघंही पाइपाजवळ पालथे पडले आहेत आणि पाहुणे विचारत आहेत, मागच्या बांधीचा सलंग, म्हणजे जादा पाणी निघायचा सांडवा, कोणत्या बाजूला. पोहे निवले. मुलीच्या आईनं घड्याळ पाहिलं, मामीजींनी पाहिलं. शेवटी माय म्हणाल्या, "तुमीच बोला आता पोरायनो."

मुलगी नागपूरला इंजिनिअर. तिनं मुलाला सरळ विचारलं, "टँक आहे म्हणता. पोहता येते का तुम्हाले?"

पोरगा बापासारखा बोलघेवडा नाही. त्यानं थोडा विचार केला.

"पोहता नाई येत," तो म्हणाला. "बॅकवॉश येते."

मुलगी हसली, आणि तिच्या आईनं निवलेल्या पोह्यांची बशी हातात घेतली. लग्न वैशाखात आहे. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' च्या खाली आणखी एक ओळ छापायची, असा मामाजींचा आग्रह आहे: 'कृपया टँकमध्ये उतरू नये.' मामीजी नाही म्हणतात. प्रेसवाला दोन दिवसांपासून थांबला आहे.